दगडी घराला प्लास्टर करायचंय? आधी भिंतीला विचारा



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना बसताना एक गोष्ट सारखी ध्यानात येतेय. अंतर्गत कर्जाच्या मागणीत शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या जोडीला आता "घराचं प्लास्टर" हे कारण वरचेवर येतं. बारामती-इंदापूर भागात जुनी दगडी घरं अजून बरीच आहेत. सगळ्यांच्या नशिबी घरकुल नाही, आणि ज्यांचं घर आजे-सासऱ्यांच्या हातचं आहे त्यांना ते पाडायचंही नसतं. म्हणून मग बाहेरून सिमेंटचा हात मारून घ्यायचा, म्हणजे घर पक्कं दिसेल.

मागे एका गटात अशीच मागणी आली होती. चाळीस हजार रुपये. अध्यक्षताईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, द्यावं का?" मी म्हटलं, द्या की, घरासाठीच मागतायत. खरं सांगते, मी एमएसडब्ल्यू केलंय, बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. त्या ताईंची भिंत दिवाळीपर्यंत चकाचक दिसत होती. पुढच्या पावसाळ्यात आतल्या बाजूला कमरेइतकी ओल चढली. त्यानंतर पांढरा लोणा फुटला. आणि यंदा परातीएवढा पोपडा खाली आला तेव्हा मागच्या दगडांमधली माती नुसत्या बोटानं निघत होती. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. त्या दिवशी ताई मला काही बोलल्या नाहीत, चहा दिला. त्याचंच जास्त लागलं.

त्यानंतर मी जुन्या गवंड्यांना भेटले, वाचलं, आमच्या गावच्या आजीचं घरही नीट डोळे उघडून पाहिलं. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

भिंत आतून कशी आहे

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा तुम्ही पाहिला असेल. तसल्या सरदारांच्या वाड्यांना चुन्याचं काम परवडायचं. आपली घरं बहुतेक मातीतली. म्हणजे दगड काळा, पक्का, पण दोन दगडांना धरून ठेवणारा माल म्हणजे पांढरी माती. शिवाय दोन-अडीच फुटांची ती भिंत एकसंध नसते. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे चिपा-गोटे-माती भरलेली. चांगल्या गवंड्यानं जागोजागी आरपार जाणारा लांब दगड घातलेला असतो, तो दोन्ही थरांना बांधून ठेवतो. पण सगळीकडे तो असतोच असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जी घरं कोसळली त्यात अशी मातीतली जाड दगडी घरं फार होती. वर माळवदाचं ओझं, आणि भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले.

दगड पाण्याला घाबरत नाही. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं, आपल्यातल्या कितीतरी जणी बघायला गेल्या असतील. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून ते दगड पाण्यात आत-बाहेर करतायत आणि अजून दगडच आहेत. आपल्या भिंतीत पाण्यानं मरते ती मधली माती. कोरडी असेपर्यंत ती शंभर वर्षं भार उचलते. ओली राहिली की लोण्यासारखी मऊ होते, दगड सरकतात, भिंतीला पोट येतं.

म्हणून गिलावा निवडताना प्रश्न एवढाच विचारायचा: हा गिलावा लावल्यावर भिंतीत शिरलेलं पाणी परत बाहेर पडू शकेल का?

सिमेंटचं नेमकं काय बिघडतं

सिमेंट वाईट नाही. विटांच्या, काँक्रीटच्या नव्या घराला ते शोभतं. पण एकास चारचं प्लास्टर मातीतल्या दगडी भिंतीवर बसवलं की त्याची आणि भिंतीची कुंडली जुळत नाही. भिंत उन्हानं, पावसानं थोडी हलते, मऊपणे. वरचं कवच कडक. मग त्याला केसाएवढे तडे जातात. वाऱ्याबरोबर आलेला पाऊस त्या तड्यांतून आत शिरतो, जमिनीतली ओल खालून वर चढते, आणि दोघांनाही बाहेर पडायला वाट नाही. पूर्वी ती ओल दगडांच्या सांध्यातून, म्हणजे दर्जातून, उन्हाळ्यात सुकून जायची. आता ती घरातल्या बाजूनं वाट शोधते. म्हणून "बाहेरून प्लास्टर केलं आणि आतूनच ओल आली" असं होतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाटाचं पाणी आणि ऊस, त्यामुळे कितीतरी ठिकाणी जमिनी क्षारपड झाल्या. तोच क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि कवचाच्या पाठीमागे फुगतं. पोपडा सुटतो तो त्यानं. मचूळ बोअरच्या पाण्यात माल कालवला असेल तर आपणच ते मीठ आत घातलं म्हणायचं. प्लास्टरला पाणी वापरायचं ते पिण्यालायक.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उघड्या दगडी भिंतीला पोट आलं, दगड सुटला तर दिसतं. सिमेंटच्या कवचाआड ते दिसत नाही. माती वाहून गेलेली असते आणि वरून भिंत नवीकोरी दिसते.

गिलाव्याआधी पाणी

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण निम्म्या घरांना गिलाव्यापेक्षा याचीच गरज असते आणि याला पैसे कमी लागतात.

पावसात एकदा इरलं किंवा छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतंय? पत्र्याची वळचण भिंतीपासून निदान दीड फूट पुढे आहे का, की पाणी भिंतीलाच चाटून उतरतंय? माळवदाचं घर असेल तर पन्हळ मोडलेली किंवा आखूड झालेली असते आणि त्याच खाली भिंतीवर काळा ओघळ दिसतो. पन्हळ बदलायला एक दिवस लागतो. माळवदावर दरवर्षी माती टाकायची सवय असेल तर आधी वरची जुनी, गळकी माती खरवडून मगच नवी टाका, नाहीतर ओझं वाढतच जातं.

मोरी बघा. सांडपाणी भिंतीच्या कडेनं जातंय का? तुळशीचा कट्टा, रांजण, जनावरांची गव्हाण भिंतीला टेकून आहे का? भिंतीला लावलेलं शेणखत किंवा सरपणाचा ढीग तर महिनोन् महिने ओल धरून ठेवतो.

आणि रस्ता. गावात काँक्रीटचा रस्ता झाला, त्यावर परत दुसरा झाला, आणि घराचं जोतं निम्मं गाडलं गेलं, हे बहुतेक गावांत झालंय. उंबऱ्याबाहेरची जमीन घरातल्या जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट खाली असावी. नसेल तर भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उथळ चारी खणा, तिला उतार द्या, जमलं तर तळाला खडी भरा. चारी भिंतीला अगदी लागून आणि खोल खणू नका, पाया उघडा पडेल. अंगणात भिंतीला भिडवून कोबा करायचा मोह होतो. त्यानं खालची ओल अंगणातून उडायची थांबते आणि सगळी भिंतीत चढते. भिंतीजवळ हातभर पट्टा मोकळा ठेवा, तिथे खडी चालेल.

एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या. काही ताईंच्या घरात नुसत्या एवढ्यानं ओल कमरेवरून घोट्यावर आली. भिंत जाड असते, वाळायला तिला वेळ लागतो.

भिंत तपासायची कशी

आधीच प्लास्टर असेल तर बोटाच्या पेरानं किंवा रुपयाच्या नाण्यानं ठोकत जा. घट्ट आवाज आला तर ठीक. बदबद आवाज आला तर आत पोकळ आहे. खडूनं तेवढ्या भागाला गोल करा.

मग ओळंबा. गवंड्याचा नसला तर सुतळीला दगड बांधला तरी चालतो. वरून सोडा, सुतळी भिंतीपासून एका ठरलेल्या अंतरावर राहील अशी काठीला बांधा, आणि दर फुटाला सुतळी ते भिंत हे अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहा. दगडी भिंत मुळातच उंचसखल असते, त्यामुळे एका मोजमापानं घाबरू नका. त्याच जागी पावसाळ्यानंतर परत मोजा. पोट वाढलेलं दिसलं तर तो विषय गिलाव्याचा राहिला नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहून ठेवा. भेग रेघेच्या पुढे गेली का ते कळतं.

पोट वाढतंय, किंवा भेग वरपासून खालपर्यंत आरपार आहे, तर त्या भिंतीलगतची खाट, पाळणा आधी हलवा. इंजिनिअरला दाखवा. अशा भिंतीचं जुनं प्लास्टर स्वतः काढायला जाऊ नका. कधीकधी त्या कवचानंच भिंत तात्पुरती धरलेली असते.

भिंत सरळ आहे आणि फक्त पोकळ पोपडे आहेत, तर पोकळ तेवढंच काढा. छिन्नी-हातोडीनं, हलक्या हातानं, उन्हाळ्यात. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, मातीचं बांधकाम त्या धक्क्यानं खिळखिळं होतं. घट्ट बसलेलं सिमेंट ओरबाडून काढण्यात फायद्यापेक्षा नुकसान जास्त. फक्त खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओलसर असेल तर तो मोकळा करा, म्हणजे भिंतीला श्वास घ्यायला जागा मिळेल.

मग लावायचं काय

पहिला पर्याय: काहीच लावू नका. बाहेरचा दगड घडीव, चांगला असेल तर तो उघडाच शोभतो आणि उघडाच टिकतो. फक्त दर्जा भरून घ्या. सांध्यातली सुटी माती इंच-दीड इंच खोल काढायची, मोठी भोकं असतील तिथे चिपा ठोकून बसवायच्या आणि चुन्याच्या मालानं सांधा बंद करायचा. माल सांध्यात राहिला पाहिजे, दगडाच्या तोंडावर फासायचा नाही. हल्ली सांध्यावर सिमेंटचे जाड, उठावदार पट्टे काढतात, कासवाच्या पाठीसारखे. दिसायला छान. पण त्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. मला विचाराल तर माझा कौल उघड्या दगडालाच. खर्चही सगळ्यात कमी.

दुसरा पर्याय चुन्याचा गिलावा. बाहेरचं बांधकाम ओबडधोबड गोट्यांचं असेल, पावसाचा मारा थेट येत असेल तर हा करावा.

बाजारात चुना दोन रूपांत मिळतो. एक कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले न विरलेले खडे. दुसरा विरवलेल्या चुन्याची पूड, पोत्यात. शक्यतो पोत्यातला घ्या, पोत्यावर 'आयएस ७१२' हा बांधकामाच्या चुन्याचा शिक्का बघा, आणि वापरायच्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून लोण्यासारखा करून ठेवा. कळीचा चुना विरवायचाच असेल तर तो माणूस अनुभवी हवा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो. लेकरं, कोंबड्या, शेळ्या लांब. डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं धरायची आणि तसंच दवाखाना गाठायचा. मालावर मदतीला बहुतेक आपणच असतो आणि उघड्या हातानं घमेली उचलतो, म्हणून हे सांगते. पोत्यातल्या चुन्यानंही हात फाटतात.

मालाचं साधं प्रमाण: एक भाग चुना, तीन भाग वाळू. नुसता चुना हवेनं हळूहळू घट्ट होतो. बाहेरच्या भिंतीला जरा लवकर पकड हवी म्हणून जुने लोक सुरखी, म्हणजे विटेची पूड घालत: एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. पूड साध्या भाजलेल्या विटेची घ्या, जळून काळ्या पडलेल्या विटेची नको. गूळ, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत होती, पण प्रमाण जाणणारा गवंडी नसेल तर त्या फंदात पडू नका. गूळ जास्त झाला तर माल घट्टच होत नाही.

वाळू धुतलेली. बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, हलवा आणि ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त दिसला तर ती धुऊन घ्या. क्रश सँड वापरली तरी पिठासारखी बारीक नको.

काम दोन हातांत. भिंतीवर पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, आत माती आहे. पहिला हात अर्ध्या इंचापर्यंत, त्यावर ओल्यातच रेघा ओढायच्या म्हणजे दुसरा हात धरेल. आठवडाभर तरी थांबून दुसरा पातळ हात. काही तासांनी परत गुरमाळा फिरवून बारीक भेगा दाबून घ्यायच्या. नंतर दहा-बारा दिवस ओलं गोणपाट लटकवून ठेवायचं. आपल्याकडे पश्चिमेची भिंत फार लवकर वाळते आणि वाळली की चुना भुसभुशीत राहतो. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये नको. पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर ते माघापर्यंत चांगले दिवस. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची त्याच वेळी अडचण होते हे माहीत आहे. तिथे निदान ओलं गोणपाट सांभाळायला कुणी मागे हवं.

गिलावा जमिनीपर्यंत न्यायचा नाही. अर्धा फूट वरच थांबवायचा.

तिसरा पर्याय मातीचाच गिलावा. पांढरी माती, गव्हाचा भुस्सा, शेण, आठवडाभर कुजवून. काळी माती घेऊ नका, वाळली की तडकते. वळचण चांगली असेल तर आतून आणि आडोशाच्या भिंतीला यासारखं काही नाही. पावसाच्या बाजूला मात्र दरवर्षी सारवण आलं. घरात सून-सासू दोघी आहेत तिथे चालतं. एकटीनं राहणाऱ्या काकूंना मी हे सुचवणार नाही.

बाहेरून लावायच्या "वॉटरप्रूफ" रंगांबद्दल खूप जणी विचारतात. जुन्या दगडी भिंतीला ते म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. ओल आत कोंडते.

पैशाचं

गवंडी ब्रासवर दर सांगतो. गिलाव्यात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. भिंत २० फूट लांब, ९ फूट उंच असेल तर १८० चौरस फूट, म्हणजे १.८ ब्रास. दारं-खिडक्या वजा करून घ्या. पाऊण इंच जाडीला १८० चौरस फुटांना ११ घनफुटांच्या आसपास माल लागतो, पण दगडी भिंतीत सांधे आणि खड्डे भरण्यात जातो तो धरून दीडपट समजा. हा हिशोब आधी वहीत असला की "माल कमी पडला" हे ऐकावं लागत नाही.

चुन्याचं काम केलेला गवंडी कमी मिळतो. "होईल की, त्यात काय" म्हणणाऱ्याला आधी हातभर जागेत, मागच्या भिंतीवर, नमुना करून दाखवायला सांगा. पंधरा दिवसांनी नखानं खरवडून बघा, हात पांढरा होऊन पीठ पडत असेल तर माल किंवा निगा चुकली. "चुन्यात थोडं सिमेंट टाकू, पकड येईल" असं म्हणाला तर नको म्हणा. थोडंथोडं म्हणत ते बरोबरीला येतं.

आणि गटांना माझी एक विनंती. प्लास्टरचं कर्ज मागितलं तर दोन टप्प्यांत द्या. आधी पन्हळ, वळचण, चारी, मोरी यांना लागतील तेवढेच. पावसाळा जाऊ द्या. मग लेखापाल ताई आणि आणखी दोघींनी जाऊन नाण्यानं ठोकून, ओळंब्याची वही बघून यावं आणि उरलेल्याचा ठराव तेव्हा घ्यावा. दोन गटांनी असं केलं. एका ताईंनी दुसरा टप्पा घेतलाच नाही, दर्जा भरून भागलं. दुसऱ्या घराची भिंत मात्र पोट काढत होती. त्यांना मोठं काम करावं लागलं, पण ते पावसाआधी कळलं.

ज्या ताईंच्या कर्जाला मी मान हलवली होती त्यांच्या भिंतीचा खालचा पट्टा या उन्हाळ्यात मोकळा केला. मीही घमेली उचलली. भिंत सरळ आहे. वाळतेय. हप्त्यांना मुदतवाढ द्यायचा विषय गटाच्या पुढच्या बैठकीत आहे.

दसऱ्याची सफेदी

चुन्याच्या गिलाव्यावर रंग चुन्याचाच. भिजवलेला चुना दुधापेक्षा जरा पातळ करून कापडातून गाळा, थोडा भिजवलेला डिंक घाला, हवी तर चिमूटभर नीळ. भिंतीवर पाणी शिंपडून, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, तीन पातळ हात द्या, मधे एक-एक दिवस सोडून. एकच जाड हात दिला तर तो पापडासारखा सुटतो. पहिल्या दिवशी भिंत राखाडी, डागाळलेली दिसेल, वाळल्यावर पांढरी होते, तेव्हा लगेच गवंड्याला फोन करू नका. दोन-तीन वर्षांनी परत द्यायची. सफेदी करतानाच नव्या भेगा दिसतात, त्या तेव्हाच चुन्यानं बुजवून टाका.

उरलेला चुना फेकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत वर चार बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. पाण्याखाली तो वर्षभर टिकतो आणि जितका मुरेल तितका चांगला होतो.